एकाआड एक सुटलेले बिन

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "काका, कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या गमतीजमती लिहा. लोकांना आवडतात." गमती माझ्याकडे भरपूर आहेत. खंडेनवमीला स्टोअरवाल्यांनी कीबोर्डला इतकं हळदकुंकू वाहिलं होतं की पुढे दोन दिवस कुठलंही बटण दाबलं की ते आत जाऊन तिथेच बसायचं. अशा हकिकतींची दोन पानं मी लिहिली, वाचली आणि फाडून टाकली. माझ्या नोकरीतली जी गोष्ट लिहायला हवी ती गमतीची नाही. चाकणच्या एका कारखान्यातून एका बाईला निष्काळजी ठरवून काढून टाकलं. तिची काडीची चूक नव्हती. चूक माझी होती, ती मला चार दिवसांत कळली होती, आणि मी गप्प राहिलो. हे मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मी आकुर्डीला राहतो. नोकरीची सुरुवात डेटा एंट्रीनं केली, प्रोग्रॅमिंग कामावरच शिकलो. शेवटची काही वर्षं चाकणच्या एका कंपनीत होतो. तिथे मोटारींना लागणारे लोखंडी ब्रॅकेट बनतात. पन्नाशी उलटल्यावर वरून हुकूम आला की सगळे प्रोग्रॅम आता ब्राउझरमध्ये चालले पाहिजेत. म्हणजे शॉपवरच्या प्रत्येक स्क्रीनवर वेबपेज, आणि त्या पेजमागे ते चालवणारी स्क्रिप्ट. मी जुन्या भाषा शिकलेला माणूस. पुस्तक आणलं, चाळलं आणि लिहायला लागलो. चाळलं म्हणतोय, वाचलं नाही.

आता थोडं धंद्यातलं सांगतो. ते कळल्याशिवाय त्या बाईवर काय अन्याय झाला ते कळणार नाही.

प्रोग्रॅममध्ये अ‍ॅरे नावाची चीज असते. अ‍ॅरे म्हणजे हजेरीपत्रक. सकाळी आठ नावं लिहिली की ती आठ नावं. नंतर त्यातला कुणी जेवायला गेला, कुणी घरी गेला, तरी कागदावरचा तिसरा नंबर तिसराच राहतो. वेबपेजमध्ये मात्र दुसरी एक चीज मिळते. पेजला विचारलं की 'निवडलेल्या' अशी खूण असलेल्या ओळी दे, की ते एक कलेक्शन देतं. तेही दिसायला हुबेहूब अ‍ॅरेसारखं. नंबर देऊन एकेक ओळ मागता येते, एकूण किती तेही विचारता येतं. पण ते हजेरीपत्रक नाही. ती कॅन्टीनची रांग आहे, आणि तुम्ही खिडकीतून तिच्याकडे पाहताय. रांगेतला एक जण बाहेर पडला की मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकतात.

समजा रांगेत आठ माणसं आहेत आणि तुम्ही नंबर पुकारून एकेकाला बाहेर काढताय. "एक नंबर या." तो गेला. रांग पुढे सरकली. मूळचा दुसरा आता पहिल्या जागी आला. तुम्ही पुकारता, "दोन नंबर या." दुसऱ्या जागी आता मूळचा तिसरा उभा आहे, तो जातो. मूळच्या दुसऱ्याला कुणी बोलावलंच नाही. असं करत तुम्ही चार माणसं काढता, पाचवा नंबर पुकारायला जाता, तर रांगेत चारच उरलेत. तुम्ही खिडकी बंद करता आणि म्हणता, झालं काम. आठातले चार तसेच उभे. एकाआड एक.

संताप याचा येतो की ही चीज अ‍ॅरेचा वेश घेऊन येते आणि चुकल्यावर बोंब मारत नाही. अ‍ॅरेचं एखादं खास काम, उदाहरणार्थ गाळून घेणं, तिला सांगितलं तर ती लगेच म्हणते, हे मला येत नाही. पेज तिथेच अडतं, लाल अक्षरं येतात, आपण जागे होतो. पण माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसानं नंबरानं फेरी मारली, म्हणजे एकेक नंबर पुकारत ओळी घेतल्या, की ती निमूट चालते, निम्मं काम करते आणि गप्प बसते. हे लिहिलं आणि लक्षात आलं की हे वर्णन माझंही आहे.

मला आधी एकदा इशारा मिळाला होता. डिस्पॅचच्या पेजवर प्रत्येक ओळीखाली तिची एक प्रत जोडायची होती. मी फेरी लिहिली. प्रत जोडली की कलेक्शन एकानं वाढायचं, की फेरीचं टोक एकानं पुढे जायचं, की पुन्हा प्रत. संपेचना. डिस्पॅचला ज्ञानोबा म्हणून महाळुंग्याचे जुने गृहस्थ होते. त्यांनी फोन केला.

"राव, तुमची स्क्रीन मेली जनू. हालंना."

"बंद करून चालू करा."

"तीनदा केली. गाडी भाईर उभी हाय, डायव्हर शिव्या घालतोय. तुमाला घालतोय, मला न्हाई."

मी जाऊन सुरुवातीलाच ओळी मोजून ठेवल्या आणि त्या आकड्यापाशी फेरी थांबवली. पेज चालू झालं. ज्ञानोबांनी विचारलं, "काय झालं हुतं?" मी म्हणालो, "किरकोळ." हे असं का झालं हे समजून घ्यायला मला अर्धा तास लागला असता. तो मी दिला नाही. त्या अर्ध्या तासाची किंमत पुढे दुसऱ्याच कुणीतरी भरली.

आता सुनंदाताई. लातूरकडच्या. नवऱ्याबरोबर चाकणला आल्या, महाळुंग्यात एका खोलीत राहायच्या. ठेकेदाराकडून फायनल इन्स्पेक्शनला लागल्या होत्या. वेल्डिंगवरून बोट फिरवून तडा सांगायच्या. डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळायचा. ब्रॅकेट मोठ्या लोखंडी पेट्यांत भरलेले असतात, त्यांना आम्ही बिन म्हणतो. एखाद्या बिनमध्ये खोट सापडली की इन्स्पेक्टरनं स्क्रीनवर त्या बिनची ओळ निवडायची आणि 'होल्ड' हे बटण दाबायचं. माझी स्क्रिप्ट निवडलेली प्रत्येक ओळ घेऊन तिचा नंबर अडकवलेल्या मालात टाकायची आणि ओळीवरची 'निवडलेली' ही खूण पुसून 'होल्ड'ची लाल खूण लावायची. खूण पुसली की ओळ रांगेतून बाहेर. पुढचं तुम्हाला कळलं असेल.

एक बिन निवडलं तर सगळं बरोबर चालायचं. मी तपासलं ते एकाच बिनवर. शॉपवरही बहुतेक वेळा एकच बिन अडायचं. होल्ड केलेल्या बिनांची लाल स्टिकरं इन्स्पेक्शनच्या टेबलावर छापली जात नसत. प्रिंटर पार पलीकडे स्टोअरमध्ये होता, तिथली माणसं स्टिकरं लावत. इन्स्पेक्टरला दिसायचं ते एवढंच की 'होल्ड नोंदवला', आणि लगेच पुढच्या लॉटचं पेज उघडायचं.

सुनंदाताईंनी एकदा मला शॉपवर थांबवून सांगितलं होतं, "साहेब, किती बिन होल्ड झाले तो आकडा पण दाखवा की. आम्हाला कसं कळायचं?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही निवडाल तेवढेच होणार. कॉम्प्युटर तुमच्यासारखा मोजताना चुकत नाही."

शेजारच्या दोन बायका हसल्या. त्या हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. एका ओळीचं काम होतं ते. एक शेरा मारून मी ते टाळलं.

मग तो दिवस आला. वेल्डिंगच्या मशीनमध्ये बिघाड होऊन एका लॉटमधल्या आठ बिनांत तडे निघाले. सुनंदाताईंनी आठही शोधून काढले, आठही ओळी निवडल्या, होल्ड दाबलं. स्टोअरमध्ये चार स्टिकरं छापून आली. स्टोअरवाल्यांनी चार बिन बाजूला काढले. उरलेले चार डिस्पॅचला हिरवे दिसले आणि गाडीत चढले. दुसऱ्या दिवशी कस्टमरच्या लाइनवर तडा गेलेला ब्रॅकेट सापडला, त्यांची लाइन थांबली, आणि आमच्याकडे हलकल्लोळ झाला.

आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत अशा वेळी एक विधी असतो. 'व्हाय-व्हाय' शीट भरतात. छापील कागद, त्यावर पाच रकाने. प्रत्येक रकान्यात 'का?' असं विचारायचं आणि उत्तर लिहायचं, त्या उत्तराला पुन्हा 'का?' पाच वेळा खोदलं की मूळ कारण सापडतं. पद्धत चांगली आहे. ज्यांनी काढली त्यांनी यंत्राच्या, पद्धतीच्या मुळाशी जाण्यासाठी काढली. आमच्याकडे मात्र ते पाच प्रश्न उतारावर सोडलेल्या ड्रमासारखे घरंगळत जायचे आणि सगळ्यात खाली उभ्या असलेल्या माणसाला जाऊन धडकायचे. इतक्या वर्षांत एकाही शीटवर पाचव्या रकान्यात मॅनेजरचं नाव मी पाहिलं नाही.

मीटिंगला क्वालिटी मॅनेजर होते, मी होतो आणि सुनंदाताईंना उभं केलं होतं. बसायला कुणी सांगितलं नाही. शीट आधीच अर्धी भरलेली होती. तडा गेलेला माल का गेला? चार बिन होल्ड झाले नाहीत. का? स्क्रीनवर निवडले गेले नाहीत. का? इन्स्पेक्टरनं निवडले नाहीत.

सुनंदाताई म्हणाल्या, "सर, मी आठही निवडले होते."

"सिस्टीममध्ये चारच दिसतात."

"कोणते चार?"

मॅनेजरांनी कागद पाहिला. "एक, तीन, पाच, सात."

"सर, इसरायचंच असतं तर शेवटचे चार इसरले असते. असे मधले मधले कोण इसरतंय?"

इतक्या नेमक्या शब्दांत कुठल्याच इंजिनिअरनं मला आयुष्यात चूक दाखवून दिली नाही. सगळा दोष त्या वाक्यात उघडा पडला होता. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय साहेब, सिस्टीममध्ये काही प्रॉब्लेम?"

मी म्हणालो, "चेक केलंय. सिस्टीम ओके आहे."

मी काहीच चेक केलेलं नव्हतं.

चौथ्या रकान्यात लिहिलं गेलं, 'कामात लक्ष नव्हते'. पाचव्यात, 'निष्काळजीपणा'. खाली सुधारणेच्या जागी, 'कर्मचाऱ्यास समज दिली, कामावरून कमी केले'. सुनंदाताईंचं पूर्ण नाव आणि त्यांची सही. कायम करायच्या कामगारांची यादी त्याच महिन्यात वर जायची होती आणि क्वालिटीनं पहिलं नाव त्यांचंच दिलेलं होतं. ते खोडलं.

त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या टेबलावर आठ खोट्या ओळी तयार केल्या, निवडल्या, होल्ड दाबलं. चार लाल झाल्या. एक, तीन, पाच, सात. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग पुस्तकाचं ते प्रकरण पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे कलेक्शन जिवंत असतं, पेज बदललं की ते बदलतं, आणि फेरी मारण्याआधी त्याची अ‍ॅरेत नक्कल करून घ्यावी. मी नक्कल करणारी ती एक ओळ घातली. आठाच्या आठ लाल झाल्या. बदलांच्या वहीत मी नोंद केली, 'स्क्रीनचा वेग वाढवला'.

त्या क्षणी मॅनेजरांची केबिन माझ्यापासून वीस पावलांवर होती. मी गेलो नाही. स्वतःला सांगितलं, त्या तरुण आहेत, चाकणला कारखान्यांना तोटा नाही, दुसरीकडे लागतील. लागल्याही असतील, असं धरून चाललो. निवृत्तीच्या दिवशी मला शाल मिळाली आणि माझ्या अचूक कामाबद्दल भाषण झालं. ते मी ऐकून घेतलं.

यंदा उन्हाळ्यात फोन आला. "साहेब, मी सुनंदा. फायनल इन्स्पेक्शनची. वळखलं का?"

ओळखलं म्हणालो. 

त्यांची मुलगी प्रणाली डिप्लोमा करून त्याच कंपनीत ट्रेनी म्हणून लागली होती. पहिल्याच आठवड्यात नव्या मुलांना ट्रेनिंग रूममध्ये बसवलं. भिंतीवर जुन्या चुकांच्या शीट लॅमिनेट करून लावलेल्या असतात, त्यांतली एक वाचून दाखवली. वर मथळा होता, 'निष्काळजीपणाचे परिणाम'. खाली प्रणालीच्या आईचं पूर्ण नाव. बारा वर्षं ती शीट तिथे होती. दर बॅचला वाचून दाखवत होते.

"पोरगी घरी येऊन काही बोलंना," सुनंदाताई म्हणाल्या. "दोन दिवसांनी इचारलं मला. साहेब, तो कागद काढायला कुणाला सांगायचं? तुमची वळख असंल म्हणून फोन केला. तुम्ही त्यातल्या त्यात बरे होता."

त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं मी चांगला माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महाळुंग्याला त्यांच्या घरी गेलो. त्या आता एका डब्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जातात. इन्स्पेक्शनचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही, कारण जुन्या कंपनीला विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. चहा ठेवायला निघाल्या होत्या, मी म्हणालो, आधी ऐका. रांगेचं उदाहरण देऊन सगळं सांगितलं. मीटिंगमध्ये मी खोटं बोललो तेही, वहीतली नोंदही.

त्यांनी हातातलं चहाचं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आठही निवडले होते."

"हो."

"आठही."

"आठही, ताई."

"मला वाटायला लागलं होतं की मीच इसरले," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी नव्हतं वाटत. मग वाटायला लागलं. गॅस बंद केला का, म्हणून आता तीनतीनदा बघते. माझा माझ्यावर भरवसा राहिला न्हाई. ते तुम्ही केलं."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीचं नंतर बघू. तुम्ही माझ्यासंग कंपनीत चला."

कंपनीत ट्रेनिंगचे जे अधिकारी आहेत ते तरुण आणि गोड बोलणारे. जुने मॅनेजर केव्हाच दुसरीकडे गेले. यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "काका, समजलं. एक करू. ताईंचं नाव झाकून टाकतो. शीट राहू द्या, ट्रेनिंगला फार उपयोगी पडते."

मी म्हणालो, "अहो, ती खोटी आहे."

"पण मेसेज चांगला आहे ना."

इतक्या वर्षांत मी कंपनीच्या आवारात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. मग त्यांच्याच कॉम्प्युटरवर आठ ओळींचं पेज बनवून दाखवलं. होल्ड दाबलं. एक, तीन, पाच, सात लाल. ते हसून म्हणाले, "अहो काका, हे तर लाइव्ह कलेक्शन. आजकाल पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं."

"पोरांना माहीत असतं ते मला माहीत नव्हतं," मी म्हणालो, "आणि शिक्षा यांना झाली."

सुनंदाताई तोवर भिंतीवरची ती शीट वाचत उभ्या होत्या. वळून म्हणाल्या, "नाव झाकू नका. नाव बदला."

अधिकाऱ्यांनी कपाटातून कोरी शीट काढली. मी माझ्या हातानं भरली. चार बिन का सुटले? स्क्रिप्टनं एकाआड एक ओळ वगळली. का? जिवंत कलेक्शनला अ‍ॅरे समजून फेरी मारली. का? आधी तसाच बिघाड होऊनही कारण शोधलं नाही. का? लिहिणाऱ्यानं नवीन साधन पुरतं न शिकता वापरलं, आणि एकाच बिनवर तपासलं. पाचवा का? आकडा दाखवा ही इन्स्पेक्टरची सूचना त्यानं हसण्यावारी नेली. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, सही केली आणि कागद सुनंदाताईंकडे दिला.

त्यांनी बोट फिरवत सावकाश वाचला. मग म्हणाल्या, "बिन का सुटले ते आलं. तुम्ही गप्प का राहिला ते कुठंय?"

"ताई, पाचच रकाने असतात."

"मागची बाजू कोरी हाय की."

मी कागद उलटला. लिहायला वेळ लागला. अधिकारी घड्याळाकडे पाहत होते, त्या पाहत नव्हत्या. मी लिहिलं: सहावा का? चूक चौथ्या दिवशी कळूनही लिहिणारा बोलला नाही, कारण इन्स्पेक्टर बाई ठेकेदाराची होती आणि तो कायम होता. बोलला असता तर थोडी लाज गेली असती. ती वाचवायला त्यानं तिची नोकरी जाऊ दिली.

त्यांनी ते दोनदा वाचलं. अधिकाऱ्यांच्या हातात कागद देऊन त्यांना म्हणाल्या, "लॅमिनेशन करून भिंतीला चिकटवू नका. दोरीनं टांगा. मागचं बी वाचता आलं पाहिजे."